चेतापेशीचं मॉडेल: घ्यावं, पण दुरुस्त करून

म्हापशाच्या बाजारात शाळांसाठी मिळणारं हे चेतापेशीचं प्लास्टिक मॉडेल अकरावीच्या जीवशास्त्राला उपयोगी आहे, पण थोडी डागडुजी करूनच वर्गात न्यावं. पेशीकाय, म्हणजे पेशीचा मुख्य गोळा, सुरेख जमलाय. केंद्रक सुटं निघतं, आणि अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा लांब धागा) जिथून फुटतो तिथे निस्ल कण (पेशीकायातले प्रथिनं बनवणारे कण) दाखवलेले नाहीत. तेच बरोबर, सहसा इथे चूक होते.

गफलत पुढे आहे. अक्षतंतूवरचं मायलिनचं चरबीयुक्त आवरण सलग नळीसारखं केलंय, आणि रानव्हिएच्या गाठी, म्हणजे या आवरणातल्या फटी, नुसत्या काळ्या रेघा! याच फटींत सोडियम आत सोडणाऱ्या वाहिन्या दाटलेल्या असतात, म्हणून आवेग (चेतापेशीतला विद्युत संदेश) गाठीवरून गाठीवर उडी घेतो आणि जाड तंतूत सेकंदाला 100 मीटरपर्यंत पोचतो. मायलिन नसेल तर जेमतेम 0.5 ते 2 मीटर. फटच दिसली नाही तर मुलांना ही उडी कळणार कशी? ब्लेडने प्रत्येक रेघेवर 2 मिलिमीटरची खाच पाडा, आत लाल रंग भरा.

सोबतच्या तक्त्यात सोडियम-पोटॅशियम पंपाचे (पेशीच्या पडद्यातून हे आयन आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनाचे) बाण उलटे छापलेत: 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत हवेत. वृक्षिका (पेशीकायाच्या आखूड फांद्या) साध्या गोंदाने चिकटवल्यात, गोव्याच्या पावसाळी दमट हवेत त्या सुटतात. इपॉक्सी लावा आणि 24 तास हात लावू नका.