पिधानाची वेळ: लॅपटॉपचं घड्याळ, व्हीटीआय की जीपीएस कॅमेरा?

लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो, तारा काही सेकंद नाहीसा होतो आणि परत दिसू लागतो. हेच पिधान. त्या वेळी लघुग्रहाची सावली जमिनीवरून साधारणपणे सेकंदाला 10 ते 20 किलोमीटर वेगाने धावत असते. वेळेत दशांश सेकंदाची चूक झाली, की लघुग्रहाची कड एक-दोन किलोमीटर सरकलीच! तारा किती वेळ झाकला गेला यावरून प्रत्येक ठिकाणाहून लघुग्रहाची एकेक जीवा (आरपार रेघ) मिळते. वेगवेगळ्या ठिकाणच्या जीवा जोडून आकार काढायचा असतो, आणि एकाचं घड्याळ चुकलं तर त्याची जीवा बाकीच्यांशी जुळतच नाही. म्हणून वेळ नोंदवणारं साधन खरेदी करण्याआधी एवढंच पाहा: फ्रेमवर वेळेचा शिक्का नेमका कुठे बसतो?

तुमच्याकडे ग्रहांसाठीचा यूएसबी कॅमेरा असेल, तर शिक्का लॅपटॉपमध्ये बसतो. विंडोजचं आपोआप जुळणारं घड्याळ या कामाला पुरत नाही, त्यासाठी इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा चांगला एनटीपी प्रोग्रॅम हवा. तोही गावाबाहेर माळरानावर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डळमळतो. शिवाय सेन्सरपासून सॉफ्टवेअरपर्यंत यायला फ्रेमला लागणारा वेळ दरवेळी सारखा नसतो. रोलिंग शटर, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपणारं शटर असेल तर चित्राच्या वरच्या आणि खालच्या ओळींचा क्षणही वेगळा. यावर स्वस्त आणि प्रामाणिक उपाय आहे: फोनचा फ्लॅश जीपीएसच्या वेळेवर उडवणारं अ‍ॅप. पिधानाआधी एकदा आणि नंतर एकदा दुर्बिणीच्या तोंडाशी फ्लॅश उडवा आणि मधल्या फ्रेम मोजा. एकही फ्रेम गळालेली नसली पाहिजे.

व्हीटीआय (व्हिडिओ टाइम इन्सर्टर) ही पेटी मात्र अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याच्या सिग्नलच्या वाटेतच बसते आणि जीपीएसची वेळ थेट चित्रावर छापते. एकदा छापलेली वेळ लॅपटॉपला बिघडवता येत नाही. पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला 50 फील्ड (अर्ध्या फ्रेम), म्हणजे 20 मिलिसेकंदांचा एकेक घास. मला ही जोडणी फार विश्वासाची वाटते. फक्त फ्रेम साठवून देणाऱ्या कॅमेऱ्यात चित्र उशिरा बाहेर पडतं, ती दुरुस्ती विसरू नका. अडचण एकच, चांगले अ‍ॅनालॉग कॅमेरे आता जुन्या बाजारातच शोधावे लागतात.

तिसरा पर्याय जीपीएस कॅमेऱ्याचा. क्यूएचवाय 174 जीपीएस या कॅमेऱ्यात सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारं ग्लोबल शटर आहे आणि एक्स्पोजरची वेळ कॅमेराच नोंदवतो. 2017 साली नेपच्यूनपलीकडच्या अ‍ॅरोकॉथ या छोट्या पिंडाच्या पिधानासाठी अर्जेंटिनात 24 दुर्बिणी मांडल्या होत्या, तिथे हेच कॅमेरे होते. महाग आहे. वर्षाला दोन-तीनच पिधानं टिपणार असाल तर क्लबने मिळून एक घ्यावा.

चंद्राच्या पिधानांचं गणित निराळं. तिथे सावलीचा वेग सेकंदाला किलोमीटरच्या आत असतो. जोडतारा शोधताना तर खरी वेळ काय यापेक्षा प्रकाश कसा पायऱ्यांनी उतरला हे महत्त्वाचं, आणि त्याला वेगवान फ्रेम लागतात. ज्येष्ठेचा जोडीदार 1819 साली व्हिएन्नात चंद्रपिधानातच दिसला होता. एवढंच करायचं असेल तर नवीन काही घेऊ नका. आहे तो यूएसबी कॅमेरा आणि फ्लॅश पुरे.

लघुग्रहांच्या मागे लागायचं ठरलं असेल आणि खात्रीचा अ‍ॅनालॉग कॅमेरा हाती असेल, तर व्हीटीआय घ्या. सगळं नव्याने घेणार असाल तर जीपीएस कॅमेरा. दोन्हींत जीपीएस वीसेक मिनिटं आधी उघड्या आकाशाखाली सुरू करा. उपग्रहांकडून लीप सेकंदांची (जीपीएसची वेळ आणि नेहमीची घड्याळी वेळ यांतल्या फरकाची) माहिती यायला साडेबारा मिनिटंही लागतात, आणि ती येईपर्यंत छापलेली वेळ अख्ख्या सेकंदांनी चुकलेली असू शकते.