एस्ना ते अस्वान : शिडाच्या दहाबियातून नाईल

इजिप्तमध्ये लक्सरला आणि अस्वानला धक्क्यावर तीन-चार मजली क्रूझ बोटींची रांग लागलेली असते. देवळं बघायची आणि रात्री आरामात झोपायचं, एवढाच बेत असेल तर त्या उत्तम. पण नदी बघायची असेल तर थोडे जास्त पैसे मोजा आणि दहाबिया घ्या. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे मला नाईलच बघायची होती, आणि या सफरीत ती मनसोक्त बघायला मिळाली.

दहाबिया म्हणजे दोन शिडांची, लांबट, सपाट बुडाची नाव. खाली मोजक्या खोल्या, वर छताखाली बसायची जागा आणि जेवणाचं लांब टेबल. इंजिन नाही. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून येतो. शीड चढवलं की नाव प्रवाहाविरुद्ध दक्षिणेला जाते, शीड उतरवून सोडून दिली की पाण्याबरोबर उत्तरेला येते. या देशाची हजारो वर्षांची वाहतूक या एका सोयीवर चालली आहे. म्हणून शिडाची खरी मजा एस्नाहून अस्वानला जाताना आहे, उलट नाही. शिवाय एस्नाच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नावेत बसल्यामुळे तिथल्या लॉकमध्ये, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदात, मोठ्या बोटींच्या मागे ताटकळावं लागत नाही. लक्सरहून एस्नापर्यंत गाडीने नेतात.

खलाशांचं काम बघताना माझा वेळ कसा गेला ते कळलं नाही. वारा पडला की दोघं पोरं अनवाणी त्या लांबलचक तिरक्या काठीवर सरसर चढायची, दोरात पाय अडकवून पोटावर पालथी पडायची आणि फडफडणारं कापड मूठ-मूठ ओढून काठीला बांधत पुढे सरकायची. खाली सुकाणूशी रईस, म्हणजे नावेचा तांडेल, वर बघत एखादाच शब्द बोलायचा. तो पाण्याच्या रंगावरून वाळूचा उथळा ओळखत होता. मी खुणेने विचारलं तेव्हा त्याने हाताने तळ कसा वर येतो ते दाखवलं आणि मग प्रत्येक उथळ्यापाशी मला हाक मारून बोलावलं.

क्रूझच्या गच्चीवरून नदी खाली कुठेतरी राहते, इथे ती हाताशी असते. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि नावेच्या शेजारीच पाण्यात सूर मारतो. लव्हाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या, शेतात गायबगळे. काठाला बरसीम, ऊस, केळी, खजूर, आणि त्यामागे लगेच उघडा बोडका डोंगर. काही ठिकाणी हिरवा पट्टा इतका अरुंद की शेतातला माणूस आणि वाळवंट एकाच नजरेत मावतात. अस्वान भागात वर्षाचा पाऊस मोजायचा तर तो मिलिमीटरभर. म्हणजे समोर जे जे हिरवं दिसतं ते सगळं या एका नदीच्या पाण्यावर. हे कागदावर मला ठाऊक होतं, पण काठावरचा तो पंप, तो पाट आणि पाट संपतो तिथे संपलेली हिरवळ बघून मी गप्प झाले.

सफरीतली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे गेबेल सिलसिला. इथे दोन्ही बाजूंनी वालुकाश्माचे कडे जवळ येतात आणि नदी आवळली जाते. कर्नाक, एडफू, कोम ओम्बो इथल्या देवळांचा दगड या खाणींमधून काढून नावांवर चढवला. भिंतींवर छिन्नीच्या तिरक्या रेघा ओळीने अजून स्पष्ट दिसतात, बोट फिरवलं तर खाच लागते. मोठ्या बोटी सहसा इथे थांबत नाहीत. आमची नाव दुपारी लागली ती सकाळपर्यंत तिथेच होती.

कोम ओम्बोला सगळे मगरदेव सोबेकच्या मगरींच्या ममी बघायला धावतात. त्याआधी आवारातली गोल विहीर बघा. तिच्यातून पुराची पातळी बघत. पूर किती चढला यावर पिकाचा अंदाज आणि त्यावर शेतसारा. इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदी फुगायची आणि काळा गाळ शेतात पसरायचा. १९७० साली अस्वानचं उंच धरण पुरं झालं, १११ मीटर उंच, सुमारे ३.८ किलोमीटर लांब. तेव्हापासून पूर आटोक्यात आला, बारमाही पाणी मिळालं, वीज मिळाली. पण गाळ धरणामागच्या नासर सरोवरात बसतो आणि खाली शेतकरी खताची पोती आणतो. सरोवरासाठी न्युबियातली गावंच्या गावं उठवावी लागली. आमचा गाईड देवांबद्दल फार छान बोलायचा, या पाण्याबद्दल मात्र विचारावं तेव्हाच. सुदानबरोबरच्या १९५९ च्या करारात इजिप्तच्या वाट्याला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर पाणी आलं, आपल्या हिशेबात साधारण १९६० टीएमसी. हा आकडा आणि लोकसंख्या शेजारी मांडली की इथिओपियातल्या नव्या धरणावरून एवढा ताण का, ते समजतं. प्रवाशांना हे सांगायलाच हवं.

जेवण घरगुती आणि भरपूर : मसूरचं सूप, फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ), तामिया (त्याच दाण्यांचे तळलेले वडे), भेंडीचा रस्सा, ताजी रोटी, ताहिनी (तिळाची चटणी). शाकाहारी असाल तर आधीच सांगा. मुलुखियाची पालेभाजी बऱ्याचदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. आम्हाला वेगळी करून दिली.

आता तक्रारी. वारा नसला की टगबोट नाव ओढते. दोर लांब ठेवला तर त्रास नाही, पण एका सकाळी तो आखडता घेतला आणि डिझेलचा वास थेट नाश्त्याच्या टेबलावर. सांगितल्यावर सुधारलं. दुसरी तक्रार मोठी आहे. एडफूला देवळापर्यंत घोडागाडी ठरवलेली होती आणि घोड्याच्या पाठीवर उघडी जखम होती. आम्ही बसलो नाही. मोटारगाडी मागितली तर अर्ध्या तासात आली, मग ती आधीच का नाही ठेवायची? बुकिंग करताना घोडागाडी नको असं लिहूनच द्या. टिपचा आकडाही शेवटच्या रात्री कळला, तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

माझ्याबरोबर थोरली बहीण होती, तिचे गुडघे दुखतात. काठावर उतरायला एक फळी टाकतात, तिला कठडा नसतो. दोन खलाशी हात धरून न्यायचे, ताई सगळीकडे आली, फक्त एल काबच्या थडग्यांच्या पायऱ्या तिने टाळल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री गच्चीवर शाल नाही, चांगला स्वेटर लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा जाऊ नका. इजिप्शियन पौंडांच्या लहान नोटा जवळ ठेवा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एडफूच्या घोड्यासाठी.