ट्रॅप-स्कीटचा स्कोअर अडकला तर काय करावं: आणखी राउंड, सुट्टी, स्टॉकमधे बदल, कोच की घरचा सराव? (इंदूरवाल्यांसाठी)

ट्रॅप आणि स्कीट हे हवेत उडवलेल्या तबकड्या (क्ले, म्हणजेच बर्ड) शॉटगनने फोडायचे खेळ. ट्रॅपमधे २५ च्या राउंडला २१-२२ हमखास फोडणारा माणूस अचानक १६-१७ वर येऊन बसतो आणि महिनोन्महिने तिथून हलत नाही, तेव्हा बहुतेकांच्या मनात पहिलं हेच येतं की अजून राउंड मारू, मारता मारता लय परत येईल. इंदूरच्या माणसाला हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, पण तिथे तुम्ही-आम्ही मनात आलं की बंदूक घेऊन जाऊ शकत नाही, क्ले मारायचे तर देवास-आष्टा-सीहोर करत भोपाळ गाठायचं, म्हणजे एका बाजूने दोनशेएक किलोमीटर, वर काडतुसांचा खर्च, आणि परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते ती वेगळीच.

पैसे बाजूला ठेवले तरी जास्त राउंड फक्त एकाच परिस्थितीत उपयोगी पडतात, तंत्र ठीक आहे आणि मधे बरेच दिवस बंदूक हातात नव्हती तेव्हा. १२ बोअरचा धक्का खांद्याला आणि मेंदूला लक्षात राहतो. २४ ग्रॅमचं काडतूस असलं तरी दिवसभर मारल्यावर ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळे मिटतात किंवा नळी खाली झुकते, यालाच फ्लिंच म्हणतात. फ्लिंच असताना आणखी राउंड मारणं म्हणजे तीच सवय पक्की करणं. हे तपासायचं असेल तर रेंजवर जोडीदाराला बंदूक भरायला सांगा, मधेच त्याने गुपचूप स्नॅप कॅप (खोटं काडतूस) घालावी. आवाज न होता नळी खाली गेली की उत्तर मिळालं.

फ्लिंच निघालाच तर सुट्टी सगळ्यात चांगली. दोन-तीन आठवडे बंदूक कपाटात राहू द्या, काही बिघडत नाही. पण सुट्टीत एक फसवणूक आहे. परत आल्यावर पहिले दहा-बारा बर्ड मस्त फुटतात, कारण डोक्यात विचार नसतो, आणि माणूस खुश होतो की सुटलो. दोष स्टॉकच्या (बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) मापात किंवा डोळ्यात असेल तर दुसऱ्याच राउंडला तो परत हजर होतो, म्हणून नुसत्या सुट्टीवर मी भरवसा ठेवत नाही.

आता बंदूक. "नवीन गन घे" हा सल्ला देणारे खूप भेटतात आणि त्यातले बरेच स्वतःची जुनी गन विकायच्या बेतात असतात. गन बदलण्याआधी तिचं माप बघा. १६ यार्ड म्हणजे साधारण साडेचौदा मीटरवर मोठा कागद लावा, मधे खूण करा, नेम न धरता बंदूक माउंट करून (खांद्याला-गालाला लावून) लगेच सोडा, असे काही शॉट एकाच कागदावर मारा आणि छऱ्यांचा मध्य कुठे पडतो ते बघा. गाल टेकतो तो कोंब दीड-एक मिलिमीटर वर केला तर या अंतरावर मार अंदाजे अडीच सेंटिमीटर वर सरकतो, म्हणजे चार-पाच मिलिमीटरचा फरक असला तरी लांबच्या बर्डवर काय होत असेल विचार करा, कारण क्लेचा व्यास आहे जेमतेम ११० मिलिमीटर. वजन वाढलं, गाल भरले, की माप बदलतंच. आणि डिसेंबरच्या सकाळी स्वेटरवर जॅकेट, त्यावर व्हेस्ट घातलं की स्टॉक तेवढाच लांब झाल्यासारखा वागतो. ट्रॅपवाल्याला हे कमी जाणवतं कारण तो बंदूक आधीच खांद्याला लावून "पुल" म्हणतो. स्कीटमधे बर्ड दिसेपर्यंत बंदूक कमरेशी ठेवावी लागते, म्हणून तिथे बट (स्टॉकचं मागचं टोक) काखेत अडकला की खेळ संपला. तुम्ही स्कीट मारत असाल आणि घसरण थंडीत सुरू झाली असेल तर सगळ्यात आधी हेच बघा.

डोळ्याचंही असंच. चाळिशी लागली की कधी कधी मास्टर आय (नेम धरणारा मुख्य डोळा) डळमळतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबाकडे बोट करा, मग डावा मिटा, बोट सरकलं तर उजव्या हाताने मारणाऱ्याला त्रास आहे. चष्म्याच्या डाव्या काचेवर टेपचा छोटा तुकडा लावून बघायला काहीच खर्च येत नाही, नव्या गनच्या आधी हे करायलाच पाहिजे ना.

कोच आणि घरचा सराव, माझ्या मते खरी निवड या दोघांत आहे, आणि इंदूरवाल्याने दोन्ही एकत्र करावं. ट्रॅपमधे खंदकात १५ मशीन असतात, बर्ड ४५ अंशांपर्यंत डावी-उजवीकडे जातो, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, पहिला शॉट पाऊण सेकंदाच्या आसपास सुटतो. एवढ्यात गालावरून डोकं उठलं की नाही हे मारणाऱ्याला स्वतःला कळत नाही, मागे उभ्या माणसाला लगेच कळतं. भोपाळच्या राज्य शूटिंग अकादमीतून मनीषा कीर २०१८ च्या ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे ट्रॅपचं रौप्य घेऊन आली, म्हणजे शॉटगन समजणारी माणसं आपल्याच राज्यात आहेत, एखादा जाणता कोच दिवसभरासाठी मिळाला तर मिळवाच. नाही मिळाला तर मागून स्लो मोशन व्हिडिओ काढा, पण त्यात डोकं उठलेलं दिसतं, का उठलं ते दिसत नाही.

उरलेले दिवस घरी. बंदूक रिकामी, दोनदा तपासलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. रामबाग-नारायण बागेसारख्या दाट वस्तीत राहत असाल तर पडदेही ओढा, समोरच्या काकूंना उगीच घोर नको. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून नळी सरकवत माउंट करायचं, गाल आणि बट एकदमच जागेवर यायला हवेत, नजर रेषेवर, बीडवर (नळीच्या टोकाच्या मण्यावर) अजिबात नाही. रोज पंधरा मिनिटं पुरतात. फॉलो थ्रू (शॉटनंतरही नळी फिरती ठेवणं) मात्र घरी नीट होत नाही, कारण हलणारा बर्ड नसतो. ती उणीव आहे आणि ती भोपाळलाच भरून निघते.

बाहेरच्या देशातले लेख वाचाल तर तिथे सल्ला असतो की क्लेचा कंटाळा आला तर थोडे दिवस खऱ्या पक्ष्यांवर जा, हात मोकळा होतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. मोकळ्या हाताचं काम स्कीटच्या सात नंबर स्टेशनचा लो हाउस करतो, म्हणजे खालच्या मशीनमधून सुटून समोर सरळ दूर जाणारा सोपा बर्ड. ट्रॅपवाल्यांनीही पाच-दहा तिथे मारावेत, हातावर विश्वास बसतो.

आता तुम्ही कशाने सुरुवात करायची ते तुमच्या मिसवरून ठरवा. डायरीत स्कोअर नको, कुठल्या स्टेशनला, कुठल्या बाजूचा बर्ड गेला तेवढं लिहा. एकाच बाजूचे जात असतील तर डोळा किंवा थांबणारा स्विंग (बर्डमागे नळी फिरवणं), म्हणजे टेप आणि कोच. सगळीकडे वर किंवा सगळीकडे खाली जात असेल तर कागद आणि कोंब. काही ताळमेळच नसेल आणि दिवसाच्या शेवटी जास्त जात असतील तर सुट्टी. स्कोअर मोजायची खोड जाणं अवघड आहे हे मान्य, पॅरिसला २०२४ मधे महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरूका यांचं ब्राँझ ४३-४४ असं एका बर्डने गेलं, त्यामुळे प्रत्येक बर्ड डोक्यात बसतोच. म्हणून भोपाळला जाल त्या दिवशी कोचला आधीच सांगून ठेवा की आकडा बोलायचा नाही, डोकं कधी उठलं तेवढंच सांगायचं, आणि स्कोअरशीट संध्याकाळपर्यंत त्याच्याच खिशात राहू द्या.