छत्तीस खणांचा डबा, गोळ्यांच्या बरण्या आणि दोन पोती लेगो

डबा वाईट नाही. पण ज्या कामासाठी तो विकतात, त्या कामाचा नाही, हे आधीच सांगून टाकते.

पारदर्शक प्लास्टिक, आत छत्तीस खण, मधल्या पट्ट्या काढता-घालता येतात. ऑनलाइन तीनशेच्या आत मिळाला. विकणाऱ्याने फोटोत एकेका खणात एकेका रंगाच्या लेगो विटा, म्हणजे पोरांच्या एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या खेळातल्या विटा, मांडून दाखवल्या होत्या. फोटो पाहून कोणीही भुलेल. आमच्या गावात कुरिअरवाला येत नाही, पार्सल तालुक्याच्या गावाला, मोर्शीला जाऊन आणावं लागतं. त्यामुळे नाही आवडलं तर परत पाठवा, हा प्रकार आमच्याकडे चालत नाही. आलं ते वापरून पाहायचं, नाहीतर शिवणाच्या कामाला लावायचं.

घरात लेगो आहे दोन पोती. पुण्याच्या जाऊबाईंची मुलं कॉलेजात गेली, म्हणून त्यांनी सगळंच्या सगळं आमच्या पोरांसाठी पाठवून दिलं. पोती म्हणजे खरोखरची पोती, तांदळाची, पंचवीस किलोवाली. आत विटांसोबत सेल, मणी, पेन्सिलीचे तुकडे, एका बाहुलीचा पाय आणि पिस्त्याची टरफलं. अशी पोती पडवीत जमिनीवर ठेवायची सोय नाही. पावसाळ्यात आमच्याकडे विंचू निघतो, आणि पोरं पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात. त्यामुळे हे सगळं बंद झाकणाच्या वस्तूत, जमिनीपासून वर गेलं पाहिजे, एवढं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

आता डब्याचं माप. माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते, म्हणून मोजून सांगते. एक खण साधारण चार सेंटिमीटर लांब आणि अडीच रुंद. लेगोची नेहमीची आठ बटणांची वीट असते जवळपास ३२ मिलिमीटर लांब, १६ रुंद. (वरच्या उंचवट्यांना आमची पोरं बटणं म्हणतात. आईचा धंदाच तो.) म्हणजे एका खणात अशा विटा बसतात तीन. चौथी ठेवली की झाकण उचललं जातं. आमच्याकडे आठ बटणी विटा घमेलंभर आहेत. फोटोतल्यासारखं करायचं तर असे डबे भिंतभर लागतील, आणि पोरगा एक घर बांधायला बसला की वीस डबे उघडून जमिनीवर.

पण याच डब्यात बारीक माल घाला, मग बघा. टिकली म्हणजे एका बटणाचा पातळ तुकडा, डाळ म्हणजे तसाच गोल तुकडा, माणसांच्या हातातल्या वस्तू, टोप्या, केस, चाकांच्या मधल्या पिना, बिजागऱ्या, दिव्याच्या पारदर्शक टिकल्या. या वस्तू मोठ्या भांड्यात कायमच्या तळाला जातात आणि परत कधी दिसत नाहीत. खणात त्या समोर राहतात. एवढ्या एका कामासाठी डबा घ्यावा, आणि त्याला दोन डबे पुरेत, पोती कितीही असोत.

त्यातही दोष आहेत. झाकण आणि पट्ट्या यांच्यात फट राहते. डबा आडवा असेतोवर ठीक, पण पोरांनी काखेत उभा धरून नेला की टिकल्या एका खणातून दुसऱ्यात. लेगोची पातळ पट्टी ३.२ मिलिमीटर जाडीची असते, फट तेवढी निघतेच. दुसरं, कडी. कडी म्हणजे प्लास्टिकचीच पातळ घडी, आणि आमच्याकडचा मे महिना तिला सोसला नाही. मोटर रिवायंडिंगवाले असलेच डबे वापरतात, त्यांच्याकडे पाहिलं तर प्रत्येकाच्या डब्याला सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलेलं. म्हणजे हा दुःखाचा विषय सर्वांचा आहे.

मोर्शीच्या हार्डवेअरच्या दुकानात एकावर एक चढणारे ड्रॉवरही पाहून आले, नट-बोल्ट ठेवायचे असतात ते. माल जाड, चांगला. दुकानदार म्हणाला, "ताई, हे मेकॅनिक नेतात, तुमाले कायले पायजे?" सांगितलं तर हसला, पण एक ड्रॉवर काढून हातात दिला. त्याला मागे अडकण नाही. पोराने जोरात ओढला की अख्खा ड्रॉवर बाहेर आणि माल फरशीवर. मोठ्या माणसाच्या घरात चालेल. किंमतही अशी की तेवढ्यात माझ्या मशीनला नवी मोटर येईल. नाही घेतले.

मग मुख्य माल ठेवायचा कशात? किराण्यातल्या गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या. माझ्या मते याला तोड नाही. पारदर्शक, फिरकीचं झाकण, वजनाला हलकी, पडली तर फुटत नाही, आणि फळीवर रांगेने उभी राहते. गावातल्या किराणेवाल्याला सांगून ठेवलं. तो म्हणाला, "न्या तुमी, वहिनी, रिकाम्या बरण्यायचं मी काय करू?" पहिल्या फुकट दिल्या, नंतर पंधरा रुपयांना एक. परवडतं. घेताना तोंड पाहून घ्या. मोठ्या माणसाचा हात मनगटापर्यंत आत गेला पाहिजे. अरुंद तोंडाची फुकट दिली तरी नको. लोणच्याची तर मुळीच नको, तेलाचा चिकटा आणि वास दोन्ही जात नाही. गोळ्यांची बरणीही गरम पाण्याने, सोड्याने नीट धुवा. झाकणाच्या आट्यांत साखर बसलेली असते, ती राहिली तर चार दिवसांत मुंग्यांची रांग बरणीत, आणि विटांच्या पोटातल्या नळ्यांत शिरलेली मुंगी बाहेर काढणं म्हणजे बसून राहण्याचं काम.

बरणीचा एकच तोटा, तळाचं हाती लागत नाही. त्यावर परात. बरणी परातीत उपडी करायची, हवं ते उचलायचं, आणि परातीची कड बरणीच्या तोंडाला लावून परत आत. परात मोठी हवी, कणीक मळायची नेहमीची नको, नाहीतर स्वयंपाकाच्या वेळी भांडण होतं. हाच नियम मी घरात लावला आहे, एका वेळी परातीत मावेल तेवढंच बाहेर.

आता खरी गोष्ट, लावायचं कसं. जो तो सांगतो रंग वेगळे करा. दिसायला सुंदर दिसतं, मान्य. पण लाल बरणीत एक बटणाचा लाल तुकडा शोधून दाखवा. सगळंच लाल असलं की डोळा घसरत जातो. उलट चार बटणी विटांच्या बरणीत लाल वीट हवी असेल तर ती स्वतःहून डोळ्यांत येते. रंग डोळ्याला पटकन दिसतो, आकार गर्दीत दिसत नाही. म्हणून भांडं आकाराचं असावं, रंग डोळ्यांवर सोडावा. दुकानात मी रिळं रंगाने लावते आणि हूक-बटणं मापाने, कारण रिळं सगळी एकाच आकाराची असतात. तसंच हे.

माझ्या मोठ्याने अप्पर वर्धा धरण बांधायला घेतलं तेव्हा हे घरच्यांना पटलं. त्या धरणाला तेरा दरवाजे आहेत, आणि पावसाळ्यात दरवाजे उघडल्यावर आम्ही सिंभोऱ्याला पाहायला जातोच, त्यामुळे बारा करून भागणार नव्हतं. "आई, सारखे तेरा पायजे, बाराच हायेत!" रंगवारी असती तर तेरावा तुकडा शोधायला निळी, करडी, पांढरी, पारदर्शक अशी प्रत्येक बरणी उपडी करावी लागली असती. इथे एकच बरणी उलटली. तेरावा निघाला पिवळा. धरणाला एक पिवळा दरवाजा आहे, चालतं.

सुरुवातीलाच वीस प्रकार करायला बसू नका, कंबर मोडेल. आधी फक्त जाडजूड विटा, पातळ पट्ट्या, उताराची कौलं, चाकं, माणसं आणि 'इतर'. जी बरणी भरून वाहू लागेल तिचेच दोन भाग करायचे. आमच्याकडे कौलं अजून एकाच बरणीत आहेत, विटांच्या मात्र पाच झाल्या. आठ बटणी वीट सर्वांत हाताशी ठेवा, खालच्या फळीवर. अशा एका रंगाच्या सहाच विटा एकमेकींत ९१ कोटींहून जास्त तऱ्हांनी जुळवता येतात असा हिशेब गणितवाल्यांनी मांडून ठेवला आहे, त्यामुळे पोरं सारखी तीच का मागतात याचं मला नवल वाटत नाही.

बारीक माल वेगळा करायला चाळणी लागते, पण गव्हाची नाही, तिच्यातून फक्त धूळ पडते. संत्र्याचा क्रेट घ्या. आमचा भाग संत्र्याचा, बागेत कड तुटलेला क्रेट कोणाकडेही मिळतो. (चांगला मागू नका, तो व्यापाऱ्याला मोजून परत द्यावा लागतो.) क्रेटच्या तळाला जाळी असते. खाली जुनी चादर अंथरायची, क्रेटमध्ये पोत्यातलं घमेलंभर ओतायचं, दोघांनी दोन्हीकडून धरून हलवायचं. टिकल्या, डाळ, पिना खाली चादरीवर, विटा वर. हे काम पोरांना इतकं आवडलं की चाळून झालेलं परत ओतून चाळत होती. नंतर तोच क्रेट ज्यांच्यावर घरं बांधतात त्या मोठ्या हिरव्या पाटांना आणि अर्धवट बांधलेल्या गाड्यांना ठेवला.

दोन्ही पोत्यांत नकली मालही मिसळलेला होता. ओळखायची सोपी खूण म्हणजे लेगोच्या प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, अगदी बारीक. उजेडात तिरपं धरलं की दिसतं. नकली मी टाकला नाही, वेगळ्या बरणीत भरला आणि अंगणातल्या खेळासाठी दिला. मिसळून ठेवलं तर भिंत मध्येच सैल पडते आणि पोरगं रडतं. अस्सल माल जुना असला तरी घट्ट बसतो. या विटेच्या जोडणीचं पेटंट डेन्मार्कमध्ये १९५८ साली नोंदवलं गेलं, आणि तेव्हापासूनच्या विटा आजच्या विटांना बसतात. जाऊबाईंच्या भावाच्या लहानपणीच्या विटाही याच पोत्यात आहेत, रंग विटलाय, पकड तीच. आणखी एक, तुकड्याच्या पोटात बारीक आकडे असतात. आठ बटणीचा ३००१. हरवलेला तुकडा कोणाकडून मागवायचा तर हा नंबर सांगितला की काम होतं. म्हणून बरणीतल्या चिठ्ठीवर मी नावासोबत नंबरही लिहिते. चिठ्ठी आतून लावा, अक्षर बाहेर दिसेल अशी. बाहेरून सेलोटेपने लावलेली उन्हाळ्यात सुटून पडते.

धुण्याबद्दल लोक विचारतात. कोमट पाणी, थोडं साबण, मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवून तिच्यात भरून हलवायचं. पाणी ४० अंशांच्या वर नको असं कंपनीच सांगते, आणि मे महिन्यात दुपारी आमच्या छतावरच्या टाकीचं पाणी हात लावू देत नाही, म्हणून सकाळचं किंवा विहिरीचं घ्या. वाळवायला गच्चीवर टाकू नका. कुरड्या-पापडांची सवय असलेल्या सासूबाईंनी एक चादरभर उन्हात नेऊन घातल्याच होत्या, मी उचलून आणल्या. उन्हाने पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. खाटेवर सुती लुगडं टाकून पंख्याखाली एक रात्र. स्टिकर लावलेले आणि मोटरवाले तुकडे पाण्यात घालायचेच नाहीत.

एकमेकांना चिकटलेल्या पातळ पट्ट्या दातांनी सोडवतात पोरं. पोत्यात नारंगी रंगाचं एक चपटं हत्यार सापडेल, ते त्यासाठीच असतं, फेकू नका. आमच्याकडे ते दोरीने फळीला बांधलंय. शेजारची दीड वर्षांची पोर रांगत येते, म्हणून टिकल्यांचे डबे सर्वांत वरच्या फळीवर, माझ्या परवानगीशिवाय नाही. बांधायच्या पुस्तिका फाटलेल्या निघाल्या तर हळहळू नका, खोक्यावरचा नंबर टाकला की कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात.

राहिला तो डबा. कडी गेल्यावर त्याला पाऊण इंची इलास्टिकचा पट्टा शिवून चढवला, डब्याच्या घेरापेक्षा दोन इंच आखूड. झाकण दाबून बसतं, फट बुजते, आता उभा धरला तरी टिकल्या आपापल्या खणात राहतात. खर्च आठ-दहा रुपये. हा पट्टा विकणाऱ्यानेच डब्यासोबत द्यायला हवा होता. डब्याला पाचपैकी तीन. इलास्टिकसकट चार.