घरी बनवलेला कोल्ड एअर इनटेक : आवाजाला पाचपैकी पाच, ताकदीला दीड

एसीच्या डक्टिंगची कामं करतो, त्यामुळे कुणी बॉनेट उघडलं की माझी नजर इंजिनाआधी हवेच्या वाटेवर जाते. हवा कुठून घेतली, किती वळणं दिली, वाटेत किती तापवली. माझी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, वॉरंटी केव्हाच संपलेली. कोल्ड एअर इनटेकच्या, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणाऱ्या फिल्टर-पाइपच्या, तयार किटची किंमत पाहिली आणि म्हटलं, पत्रा आपल्या वर्कशॉपमध्ये पडलाय, पाइप बाजारात मिळतो, मग एवढे पैसे कशाचे? सगळं मिळून चार हजारांच्या आत बसलं. त्यात माझी मजुरी धरलेली नाही, ती धरली तर किटच स्वस्त पडेल.

कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेतला. तिथे लाल, निळे, जांभळे कोन टांगलेले असतात आणि दुकानदार रंग दाखवून माल विकतो. रंग सोडा. फिल्टर ट्यूबलाइटसमोर धरा. उजेडाचे बारीक ठिपके आरपार दिसले तर तो परत ठेवा, मेट्रोच्या कामांची धूळ त्यातून थेट सिलिंडरमध्ये जाईल. तोंडाचं रबर दाबून बघा, कडक असेल तर वर्षभरात तडकणार. तेल लावलेला कॉटनचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, पण मी कोरडाच घेतला. माझ्या गाडीत मॅफ सेन्सर आहे, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा, आणि फिल्टरला तेल जास्त झालं की ते त्याच्या गरम तारेवर बसतं, मग हवेचं माप चुकतं. फिल्टरला साडेतीन गुण. जाळी चांगली, पण वरची क्रोमची टोपी लगेच गंजायला लागली.

सिलिकॉन होज आणि क्लिपांसाठी मात्र नागदेवी. मशीद बंदर स्टेशनवरून चालत जायचं, हातगाड्यांना अंग चोरत. तिथल्या काउंटरवरच्या काकांनी मी माप सांगायच्या आतच विचारलं, "आतलं की बाहेरचं?" थ्रॉटल बॉडीचं, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या तोंडाचं, बाहेरचं माप कॅलिपरने मोजून गेलो होतो म्हणून बरं, नाहीतर इथे अंदाजाला थारा नाही. होज अर्धा फूट हवा तर अर्धा फूटच कापून दिला, मीटरभर गळ्यात मारला नाही. जुबली क्लिपा, म्हणजे होज आवळायच्या स्क्रूच्या पट्ट्या, स्टेनलेसच्या आहेत हे त्यांनी लोहचुंबक लावून दाखवलं. या दुकानाला पाचपैकी पाच, आणि वर चहा पाजला त्याचे वेगळे.

पाइपाचं काय? बरेच जण ड्रेनेजचा पीव्हीसी वापरतात. वापरू नका. साधा पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे ढिला पडायला लागतो आणि ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली तेवढं तापमान सहज होतं. मी ॲल्युमिनियमचा घेतला, वळण जितकं मोठं देता येईल तितकं दिलं. मॅफच्या आधी सरळ पाइप ठेवला, कारण वळणातून बाहेर पडलेली हवा भोवरे घालत येते आणि सेन्सर गोंधळतो. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी, म्हणजे इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ बाहेर काढणारी, फिल्टरनंतरच्या पाइपला जोडली. ती उघडी सोडून वर छोटा फिल्टर लावायची फॅशन आहे. त्याने तेलाचा वास केबिनमध्ये येतो आणि मॅफने न मोजलेली हवाही आत जाऊ शकते.

खरी गंमत फिल्टरभोवतीच्या पेटीत आहे. आधी मुद्दाम उघडा कोन लावून चाललो, गाडीच्या सेन्सरचे आकडे फोनवर पाठवणारं ओबीडी डोंगल लावून, फोनवर इनटेकचं तापमान बघत. बाहेर तेहतीस अंश, आणि सायन सर्कलला गाडी रांगत असताना आकडा पासष्टच्या पुढे. पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा पासष्टची हवा जवळजवळ नऊ टक्के विरळ असते. म्हणजे पैसे खर्च करून मी इंजिनाला पातळ ताक पाजत होतो, आणि आवाज असा की वाटावं रेसची गाडी! बाजारात शॉर्ट रॅम म्हणून जे विकतात ते साधारण हेच.

मग चोवीस गेजच्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची पेटी केली, आतून नायट्राइल रबरचं इन्सुलेशन, बॉनेटला टेकते तिथे गॅस्केट, आणि पेटीचं तोंड पुढच्या जाळीमागे. हे काम माझ्या रोजच्या धंद्यातलं, त्यामुळे ते देखणं झालंय हे मीच सांगतो. आता ट्रॅफिकमध्ये आकडा पंचेचाळीसच्या आसपास राहतो आणि अटल सेतूवर शंभरच्या मर्यादेत सलग चालवली की बाहेरच्या हवेपेक्षा तीन-चार अंशच वर.

छान ना? आता कंपनीचा फिल्टरचा मूळ डबा परत लावून तेच मोजा. मी मोजलं. आकडे जवळपास तेच आले. कारण मूळ डब्याची सोंडही जाळीमागूनच हवा घेते. बहुतेक आधुनिक गाड्यांत असंच असतं. कंपनीच्या इंजिनिअरने हे काम आधीच करून ठेवलेलं असतं, वर आवाज मारायला रेझोनेटरचा डबाही दिलेला असतो. माझा मेकॅनिक हसत म्हणाला, "साहेब, पिकअप कानाने मोजू नका." वरच्या आरपीएमला गाडी किंचित मोकळी वाटते एवढं खरं, म्हणून दीड गुण. मायलेजमध्ये फरक शून्य. ऐंशीच्या पुढे ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा तो घोगरा श्वास मात्र मला आवडतो, आणि खरं सांगायचं तर मी पेटी त्यासाठीच ठेवलीय.

पावसाळ्यात मात्र ठेवत नाही. काही जण आणखी थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या आत, चाकाजवळ खाली नेतात. पुण्या-नाशकाकडे चालत असेल, पण पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता, मिलन सबवे आणि गांधी मार्केटच्या मुंबईत तो इंजिनाला लावलेला स्ट्रॉ आहे. पाणी दाबलं जात नाही. एका सिलिंडरमध्ये पुरेसं गेलं की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं, आणि गाडीतला बदल कळवलेला नसेल तर तिथेही वाद होतो. शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर जाणाऱ्या बदलांवर कडक भूमिका घेतली. म्हणून मूळ डबा फेकू नका आणि त्याचे ब्रॅकेट कापू नका. माझी पेटी त्याच ब्रॅकेटवर बसते, दहा नंबरच्या पान्याने निघते. जून लागला की ती माळ्यावर जाते आणि कंपनीचा डबा नवा कागदी फिल्टर घालून परत गाडीत येतो.