१४४१६ : टेलि-मानस फोनसेवा, वापरून घ्यायची कशी

‘कर्जाला कंटाळून’, ‘घरगुती वादातून’, ‘प्रेमप्रकरणातून’. बातमी कारण दोन शब्दांत सांगून मोकळी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालातही आत्महत्येच्या कारणांचे असेच रकाने आहेत : कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के. रकाना एकच भरला जातो. माणसाच्या आत मात्र कर्ज, उडालेली झोप, दारू, अबोला आणि दुखणारी पाठ हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा तोलायची ती याच काट्यावर, हा गुंता सोडवायला ती किती कामाला येते? आमच्या मते बरीच येते, पण तिच्याकडे काय मागायचं आणि काय नाही हे ठाऊक हवं.

सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, किंवा १८००-८९१-४४१६. फोन मोफत, चोवीस तास. सुरुवातीला भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था मुख्य केंद्र म्हणून काम पाहते. रचना दोन पायऱ्यांची आहे : फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतात, आणि गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे पाठवतात. पहिल्याच फोनवर डॉक्टर येईल आणि गोळी लिहून देईल अशी अपेक्षा ठेवली, तर हिरमोड होतो.

आणीबाणी नसेल तर फोन लावण्याआधी कागदावर चार ओळी खरडून घ्याव्यात. भरून आलं की नेमकं तेव्हाच शब्द फुटत नाहीत. चिठ्ठी अशी असली तरी पुरे : ‘झोप तीन तास, महिनाभर. पहाटे चारला जाग येते, मग विचार थांबत नाहीत. सोसायटीची कर्जाची नोटीस आली आहे. थायरॉइडची गोळी बंद केली. घरात कुणाला सांगितलेलं नाही.’ यातली प्रत्येक ओळ वेगळ्या दारात जाते. झोप आणि थायरॉइड डॉक्टरकडे, नोटीस बँकेकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाकडे, आणि शेवटची ओळ घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाकडे. कर्ज फोनवर फिटत नाही. पण झोप सुधारली की त्याच नोटिशीकडे बघायची ताकद येते, आणि हा क्रम उलटा लावायला गेलं की माणूस थकतो.

मरणाचे विचार येतात का, हे समुपदेशक थेट विचारू शकतो. दचकू नये, खरं ते सांगावं. असा प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. उलट बोलून टाकल्यावर दडपण उतरतं. घरच्यांनीही तो विचारावा, साध्या शब्दांत : ‘जगू नये असं वाटतंय का?’ उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडू नये आणि घरातलं धोक्याचं सामान त्याच दिवशी भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे हलवावं. तीव्र लाट अनेकदा काही तासांत ओसरते, तेवढा वेळ सोबत हवी. जीव तातडीने धोक्यात असेल तर १४४१६ ची वाट बघत बसू नये, १०८ किंवा ११२ लावावा.

घरातल्या मारहाणीच्या बाबतीत मात्र ही सेवा अपुरी आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. मारहाण म्हणजे ‘राग आवरत नाही’ असं म्हटलं जातं. तोच राग साहेबासमोर आवरतो आणि उंबरठ्याच्या आत सुटतो. म्हणजे प्रश्न रागाइतकाच सत्तेचाही आहे. मार खाणारीला समुपदेशनाआधी सुरक्षितता लागते, त्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. मारणाऱ्याच्या दारूसाठी १४४१६ जरूर लावावा, पण रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली घरीच एकदम बंद करू नये. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत थरथर, घाम, कधी फिट येते, आणि ते जिवावर बेतू शकतं. बंद करायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

आनंदाचा शोध घेत फोन करणारेही असतात, आणि त्यांनी संकोच करू नये. कशातच मन लागत नाही ही तक्रार पूर्ण ग्राह्य आहे. ‘बरं वाटलं की करू’ हा क्रम उदासीनतेत चालत नाही. आधी करावं लागतं, बरं वाटणं मागून येतं. म्हणून ठरल्या वेळी वीस मिनिटं चालणं, एका माणसाशी बोलणं, एक अर्धवट राहिलेलं काम, एवढंच रोज. दोन-तीन आठवडे करूनही फरक नसेल तर डॉक्टर गाठावा. गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ‘उपयोग नाही’ म्हणून लोक बऱ्याचदा याच काळात सोडतात. याच काळात घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं असतं.

पोलीस केसची भीती अनेकांना अडवते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी.

एक व्यवहाराची अडचण उरते. पुढच्या फोनला तोच समुपदेशक मिळेल असं धरून चालू नये, म्हणून आधी काय ठरलं ते तारखेसह त्याच चिठ्ठीवर लिहून ठेवावं. घरात एकच मोबाइल असेल तर क्रमांक ‘गॅस बुकिंग’सारख्या साध्या नावाने जतन करावा, बोलायला गच्ची किंवा गोठा बघावा, आणि फोन झाल्यावर कॉलची नोंद पुसून टाकावी.