माया अँजेलो यांचे आत्मकथन, त्यांच्याच आवाजात

कृष्णवर्णीय अमेरिकी लेखिका माया अँजेलो यांचे ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ हे १९६९ सालचे आत्मकथन मी पूर्वी वाचले होते. तरीही त्याचे सुमारे दहा तासांचे श्राव्यपुस्तक विकत घेतले, कारण ते लेखिकेने स्वतः वाचले आहे. लेखिका आठ वर्षांची असताना आईच्या मित्राने तिच्यावर बलात्कार केला, कोर्टात तिची साक्ष झाली आणि पुढे त्या माणसाचा खून झाला. आपण तोंड उघडले म्हणून माणूस मेला, अशी समजूत करून घेतलेली ती मुलगी भाऊ बेली सोडला तर जवळजवळ पाच वर्षे कोणाशीही बोलली नाही. ती हकिकत आता तिच्याच तोंडून ऐकताना मला दोनदा यंत्र बंद करावे लागले. मुलांसोबत गाडीत ऐकण्याचे हे पुस्तक नव्हे.

अमेरिकेच्या अर्कान्सा राज्यामधील स्टॅम्प्स गावातले आजीचे दुकान हा या कथनाचा गाभा आहे. कापूसवेचणीच्या दिवसांत पहाटे दिव्याच्या उजेडात मजूर थट्टामस्करी करत सार्डिनचे डबे आणि बिस्किटे घेऊन जातात आणि संध्याकाळी तेच लोक पाय ओढत, रिकाम्या पोत्यांसारखे परततात. आजीने ज्या गोऱ्या दंतवैद्याला अडचणीत पैसे दिले होते, तोच नातीच्या दुखऱ्या दाढेला हात लावायला नकार देतो. आपल्याकडची दलित आत्मकथने वाचलेल्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. मात्र माझ्या मते सर्वांत मोलाचे प्रकरण मिसेस फ्लॉवर्स यांचे आहे. त्या या अबोल मुलीला घरी बोलावतात, सरबत आणि घरी केलेली बिस्किटे देतात, डिकन्सची कादंबरी मोठ्याने वाचून दाखवतात आणि कागदावरच्या शब्दांना खोल अर्थ येतो तो माणसाच्या आवाजामुळे, असे सांगतात. छापील प्रतीत हे वाक्य माझ्या नजरेतून निसटले होते. येथे ते ऐकल्यावर श्राव्यपुस्तकासाठी मोजलेले पैसे वसूल झाले.

दोष आहेतच. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांची बोली पहिल्या तासभर कानाला जड जाते, त्यामुळे छापील प्रत जवळ ठेवावी. मी ऐकलेल्या प्रतीत प्रकरणांना केवळ क्रमांक असल्याने आवडलेली जागा पुन्हा शोधताना फार खटपट करावी लागली. शिवाय ज्यांना लेखिकेचे संपूर्ण आयुष्य हवे आहे, त्यांची येथे निराशा होईल: १९२८ साली जन्मलेल्या मुलीची ही कहाणी किशोरवयातच तिला मुलगा होतो तिथे थांबते. पुढचे नृत्य-गायन, कैरोतील पत्रकारिता, घानामधील वास्तव्य हे सारे नंतरच्या खंडांत आहे. आत्मचरित्राचे एकूण सात खंड झाले. २० जानेवारी १९९३ रोजी बिल क्लिंटन यांच्या शपथविधीत त्यांनी वाचलेल्या कवितेच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि मला विचाराल तर त्या कवितेपेक्षा या गद्यातच त्यांची कविता अधिक भेटते.

खरेदी करताना एक पाहावे. या पुस्तकाची संक्षिप्त आवृत्तीही आहे, म्हणून कालावधी तपासून संपूर्ण वाचनच घ्यावे.